उरलेले किरण

मैफल सुरू होण्याआधीची दहा मिनिटं मला मैफलीइतकीच आवडतात. गायक खाली मान घालून तंबोरा जुळवत असतो. मधल्या जोडीच्या दोन तारा एकाच षड्जावर आणायच्या असतात. त्या जवळजवळ जुळल्या, पण अजून किंचित अंतर उरलं, की नाद हेलकावे खाऊ लागतो. भरतो, ओसरतो, पुन्हा भरतो. एक तार सेकंदाला १३० वेळा कंप पावत असेल आणि दुसरी १३१ वेळा, तर हा हेलकावा सेकंदाला बरोबर एकदा येतो. गायक मणी केसभर सरकवतो. हेलकावे लांबत जातात आणि एका क्षणी विरून जातात. तारा जुळल्या.

हा हेलकावा ऐकू येतो, पण तो स्वर नसतो. सेकंदाला एकच कंप असलेलं काहीही त्या खोलीत नाही. आहेत ते १३० आणि १३१. हवा दोघांची प्रामाणिक बेरीज करते, आणि नुसत्या बेरजेतून तिसरं काही जन्माला येत नाही. तो फरकच स्वतंत्र स्वर होऊन बाहेर पडावा असं वाटत असेल, तर वाटेत असं काहीतरी हवं जे बेरजेवर थांबत नाही, दोघांना एकमेकांत मिसळून टाकतं.

तंबोऱ्यात अशी एक जागा आहे: जवारी. तार घोडीच्या रुंद, किंचित बाकदार पाठीवरून जाते. तिच्याखाली दोरा योग्य जागी सरकवला की तार त्या पाठीला हलकेच चाटत कंप पावते आणि एका स्वरातून स्वरांचा पिसारा फुलतो. मिरजेच्या कारागिरांचं अर्धं आयुष्य ही पाठ घासण्यात जातं. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना नेमकं हेच टिपलं होतं. तार जिथे छेडावी तिथल्या नियमाप्रमाणे जे उपस्वर उमटायलाच नकोत, तेही तंबोऱ्यात खणखणीत उमटतात. साध्या तारेचा नियम घोडीच्या त्या बाकापाशी मोडतो आणि त्या मोडण्यातूनच तंबोरा गाऊ लागतो.

प्रकाशाच्या दोन तारा अशाच जवळजवळ जुळवायच्या आणि त्यांच्या फरकाचा स्वर काढायचा, हे काम भौतिकशास्त्रज्ञ गेली साठ वर्षं करत आले आहेत. तारेच्या जागी लेसर, जवारीच्या जागी स्फटिक. निघणारा स्वर टेराहर्ट्झचा.

‘टेरा’ हा उपसर्ग ग्रीक भाषेतल्या अक्राळविक्राळ प्राण्याच्या नावावरून आला. एक टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी कंप. अशा लहरीची लांबी ०.३ मिलिमीटर, जाडसर कागदाएवढी. ०.१ ते १० टेराहर्ट्झ हा पट्टा नकाशावर पाहिला तर त्याच्या एका अंगाला रेडिओ आणि मोबाइलच्या लहरी आहेत, दुसऱ्या अंगाला अवरक्त किरण आणि मग डोळ्यांना दिसणारा प्रकाश. दोन्ही अंगांना माणसाची वस्ती दाट आहे. रेडिओच्या बाजूचे लोक तारेतले इलेक्ट्रॉन वीजमंडलाने हलवतात. पण टेराहर्ट्झच्या आसपास पोचेपर्यंत इलेक्ट्रॉनांची दमछाक होते. प्रकाशाच्या बाजूचे लोक अणूंच्या आतल्या पायऱ्यांवरून इलेक्ट्रॉनांना उड्या मारायला लावतात. पण एक टेराहर्ट्झची पायरी इतकी बुटकी, की खोलीतल्या साध्या उबेची धक्काबुक्की तिच्या सहापट असते. वरच्या पायरीवर कोण आणि खालच्या पायरीवर कोण, हेच कळेनासं होतं. वीजवाल्यांना हा पट्टा फार चपळ, प्रकाशवाल्यांना फार मंद. दोन गावांच्या शिवेवरच्या गायरानासारखा तो बराच काळ कुणाचाच नव्हता. इंग्रजीतून आलेलं त्याचं नावही तसंच आहे, टेराहर्ट्झ गॅप.

आणि तरी या किरणांचा दुष्काळ कुठेच नाही. हातातला चहाचा पेला, पाठीमागची भिंत, आपलं अंग, जे जे म्हणून उबदार आहे ते सारं टेराहर्ट्झ उधळत असतं. महास्फोटानंतर विश्वात जे प्रकाशकण बाहेर पडले, त्यांतले सुमारे ९८ टक्के अवरक्ताच्या दूरच्या टोकाला आणि मिलिमीटरहून थोड्या लहान लहरींत मोडतात, असा खगोलशास्त्रज्ञांचा हिशेब आहे. विश्वात जे सर्वांत मुबलक, तेच आपल्या हाताला सर्वांत दुर्मीळ. कारण उबेतून येणारे हे किरण म्हणजे आठवडी बाजाराचा गलका. त्यात आवाज पुष्कळ, स्वर एकही नाही. एका दिशेने, एका तालात चालणाऱ्या किरणांनाच आपण प्रखर म्हणतो. प्रखरता ही रकमेची गोष्ट कमी आणि शिस्तीची जास्त.

या ओसाड पट्ट्यात पहिली माणसं शिरली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, आणि तीही दोन टोकांकडून. कलकत्त्यात जगदीशचंद्र बसूंनी रेडिओच्या बाजूने चढाई केली. १८९५ मध्ये तिथल्या टाउन हॉलमध्ये त्यांनी बिनतारी लहरींचं जाहीर प्रात्यक्षिक दाखवलं. पुढे त्यांच्या लहरींची लांबी ५ मिलिमीटरपर्यंत खाली आली होती. त्यांची उपकरणं पाहून थक्क व्हायला होतं. लहरींची कंपनदिशा फिरवण्यासाठी पीळ दिलेला ताग, आणि एकाच दिशेची कंपनं गाळून घेण्यासाठी रेल्वेचं ब्रॅडशॉ वेळापत्रक, ज्याच्या पानापानांत कथलाचा पातळ पत्रा घातलेला. हे पुस्तक लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागेल.

बर्लिनमध्ये हाइनरिख रूबेन्स प्रकाशाच्या बाजूने उतरत होते. तापलेल्या वस्तूचे किरण त्यांनी स्फटिकाच्या तुकड्यावरून परतवले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. दर परतीला बाकीचे किरण गळत गेले आणि स्फटिकाच्या स्वतःच्या थरथरीशी जुळणारे तेवढे उरले. जर्मनमध्ये त्यांना नाव मिळालं ते अगदी साधं: उरलेले किरण. सैंधवाच्या स्फटिकाने गाळलेल्या किरणांची लांबी निघाली ५१ मायक्रोमीटर, म्हणजे सुमारे ६ टेराहर्ट्झ. ७ ऑक्टोबर १९००, रविवार. रूबेन्स माक्स प्लांक यांच्या घरी गेले आणि बोलता बोलता म्हणाले की या लांबच्या किरणांचं मोजमाप तेव्हाच्या मान्य सूत्रात बसत नाही. त्याच संध्याकाळी प्लांक यांनी नवं सूत्र मांडलं आणि १९ तारखेला ते सभेपुढे वाचलं. पुंजवादाची नांदी तिथे झाली. दोन गावांच्या शिवेवर उरलेल्या, कुणाच्याच नसलेल्या किरणांनी शास्त्राचा अख्खा नकाशा बदलला. उरलेल्याकडे दुर्लक्ष करू नये असं घरातली वडीलमाणसं उष्ट्या अन्नाबाबत सांगत. ते ज्ञानाच्या बाबतीतही खरं आहे.

रूबेन्स यांच्या हातात स्फटिक ही गाळणी होती. तिची जवारी व्हायला साठ वर्षं जावी लागली, कारण त्यासाठी जुळलेला प्रकाश हवा होता. मे १९६० मध्ये थिओडोर मेमन यांच्या माणकातून पहिला लेसर चमकला. पुढच्याच वर्षी मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि सहकाऱ्यांनी तो लाल किरण क्वार्ट्झच्या स्फटिकात सोडला. आत गेलेल्या लहरीची लांबी ६९४ नॅनोमीटर. बाहेर आलेल्या किरणांत अंधूकशी आणखी एक लहर होती, ३४७ नॅनोमीटरची, बरोबर निम्मी. प्रकाशाचा वरचा षड्ज लागला होता. छायाचित्राच्या पट्टीवर तो एक बारीकसा ठिपका होता, आणि नियतकालिकात छापताना कुणीतरी तो डाग समजून पुसून टाकला. ज्या ठिपक्यासाठी निबंध लिहिला, त्याच्याकडे निर्देश करणारा बाण छापून आला, ठिपका तेवढा गायब.

गणिताची जरा तोंडओळख असेल तर पुढची पायरी कुणालाही दिसते. लहरीचा लहरीशी गुणाकार केला की दोन अपत्यं होतात. एक दुप्पट वेगाने कंप पावणारं, दुसरं अजिबात न हलणारं. दोन वेगळ्या कंपनांचा गुणाकार असेल तर एक बेरजेचं आणि एक वजाबाकीचं. फ्रँकन यांना बेरीज दिसली होती. १९६२ मध्ये त्याच चमूला वजाबाकीही सापडली. लेसर जात असताना स्फटिकाच्या दोन बाजूंत इवलासा स्थिर विद्युत्दाब उमटत होता. प्रकाश सेकंदाला शेकडो लाख कोटी वेळा इकडून तिकडे हलतो आणि तरी स्फटिकातला भार एका बाजूला थोडा झुकून राहतो. याला प्रकाशाचं एकदिशीकरण म्हणतात.

असं का व्हावं? कारण स्फटिक स्वतःच एका बाजूला कललेला असतो. लिथियम नायोबेट या स्फटिकात नायोबियमचा अणू ऑक्सिजनच्या पिंजऱ्याच्या ऐन मध्यावर बसत नाही, किंचित सरकून बसतो. अंगणातला झोपाळा ज्या फांदीला बांधलाय ती एकीकडे लवचीक आणि दुसरीकडे ताठ असेल, तर ढकलणाऱ्याने दोन्हीकडून सारखाच जोर लावला तरी झोका एका अंगाला जास्त जाईल. स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनांचं तसंच होतं. पूर्ण समतोल असलेला स्फटिक देखणा खरा, पण या कामाला निरुपयोगी. नवा स्वर निघायला कुठेतरी थोडा कल असावा लागतो.

आता लेसर अखंड न सोडता त्याचा एकच आखूड स्पंद सोडा, समजा १०० फेम्टोसेकंदांचा. एवढ्या वेळात प्रकाश केसाच्या जाडीचा जेमतेम तिसरा हिस्सा चालतो. स्पंद येतो तसा स्फटिकातला भार कलतो, स्पंद जातो तसा सावरतो. हे कलणं आणि सावरणं सेकंदाच्या लाख कोटीव्या हिश्श्याच्या, म्हणजे एका पिकोसेकंदाच्या, आसपास पुरं होतं, आणि भार हलला की लहर निघतेच. ती टेराहर्ट्झची लहर. तंबोऱ्याच्या भाषेत सांगायचं तर इतक्या आखूड स्पंदात एक नव्हे, अनेक जवळजवळ जुळलेल्या तारा एकदम छेडलेल्या असतात, आणि स्फटिक त्यांच्या फरकांचा स्वर काढतो.

तत्त्व इतकं सोपं असताना प्रखर टेराहर्ट्झ मिळायला आणखी चाळीस वर्षं का लागली? कारण प्रकाश आणि त्याचं हे अपत्य एका चालीने चालत नाहीत. लिथियम नायोबेटमध्ये लेसरचा स्पंद हवेतल्यापेक्षा सुमारे सव्वादोन पट मंद चालतो, टेराहर्ट्झची लहर जवळजवळ पाच पट मंद. एक मिलिमीटर जाडीचा स्फटिक ओलांडायला एकाला साडेसात पिकोसेकंद लागतात, दुसऱ्याला साडेसोळा. बाप पुढे निघून जातो, पोर मागे राहतं. स्पंद वाटेत दर पावलावर नवी लहर जन्माला घालतो, पण मागून येणाऱ्या जुन्या लहरींशी तिचा मेळ बसत नाही. एकीचा चढ दुसरीच्या उतारावर पडतो आणि दोघी एकमेकींना पुसून टाकतात. साधारण ५५ मायक्रोमीटर चालून झाल्यावर स्फटिकाची उरलेली जाडी वाया जायला लागते.

यावर सरळ उपाय म्हणजे दोघांची चाल आधीच जुळणारा स्फटिक शोधणं. झिंक टेल्युराइड ८०० नॅनोमीटरच्या लेसरपुरता तसा आहे, आणि तो अनेक प्रयोगशाळांत रोज राबतो. पण त्याची जवारी तितकी बोलकी नाही. शिवाय लेसरचा जोर वाढवला की तो दोन-दोन प्रकाशकण एकदम गिळायला लागतो. लिथियम नायोबेटची ताकद त्याच्या दुपटीहून जास्त. ताकद एकाकडे, चाल दुसऱ्याकडे. १९८४ मध्ये बेल प्रयोगशाळेत डेव्हिड ऑस्टन आणि सहकाऱ्यांनी याच विसंगतीचा फायदा करून घेतला. वेगाने जाणाऱ्या होडीमागे पाण्यात पाचर उमटते तशी प्रकाशस्पंदामागे टेराहर्ट्झची पाचर उमटलेली त्यांनी पकडली. पण पाचर म्हणजे फाकलेले किरण, आणि फाकलेलं ते प्रखर कसं असेल?

उत्तर हंगेरीतल्या पेच विद्यापीठातून आलं. यानोस हेबलिंग आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये सुचवलं की स्पंदाची आघाडीच तिरपी करावी. संध्याकाळी घराकडे निघालेली बगळ्यांची रांग आठवा. प्रत्येक बगळा आपल्या वेगाने नाकासमोर उडतोय. रांग दिशेला काटकोनात असेल तर ती बगळ्यांच्याच वेगाने पुढे सरकते. पण रांग तिरपी असेल, तर त्या रांगेच्या स्वतःच्या काटकोनात पाहणाऱ्याला ती सावकाश सरकताना दिसते. जितकी तिरपी, तितकी सावकाश. बगळे मात्र कुणीच मंदावलेले नाहीत. हेबलिंग यांनी लेसरच्या स्पंदाला बारीक रेघांच्या जाळीवरून परतवून अशीच तिरपी रांग केली. एका कडेचा प्रकाश पुढे, दुसऱ्या कडेचा मागे. तिरकसपणा सुमारे ६३ अंशांचा ठेवला की आघाडीचा काटकोनातला वेग निम्म्याहूनही कमी होतो आणि टेराहर्ट्झच्या चालीशी नेमका जुळतो. मग प्रत्येक नवी लहर जुनीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहते. लहरी पुसल्या जात नाहीत, साठत जातात.

या युक्तीवर विचार करताना मला तिचं गणित फारसं अडवत नाही, तिची रीत मात्र पुन्हा पुन्हा थांबवते. दोघांच्या चाली न जुळणं ही निसर्गाने घातलेली अट होती. प्रकाशाला मंद करता येत नव्हतं, टेराहर्ट्झला पळवता येत नव्हतं. बदलता येत होती ती फक्त उभं राहण्याची तऱ्हा. आपण सहसा प्रश्न सुटेना झाला की जोर वाढवतो: मोठा लेसर, जाड स्फटिक. इथे वाढवलेला जोर वायाच गेला असता. कललेल्या स्फटिकाला कललेल्या प्रकाशाची जोड मिळाली तेव्हा काम झालं.

आणि किती झालं! २००७ मध्ये एका स्पंदात १० मायक्रोजूल टेराहर्ट्झ मिळवल्याचं प्रसिद्ध झालं. एक तीळ फूटभर उंचीवरून पडला तर तेवढी ऊर्जा होते. ऐकायला तीळभर, पण ती पिकोसेकंदात ओतलेली असते, म्हणून तेवढ्या क्षणाची शक्ती कोटी वॅटच्या घरात जाते. २०११ मध्ये क्योतोच्या संशोधकांनी लिथियम नायोबेटमधून सेंटीमीटरला १२ लाख व्होल्टचं क्षेत्र मिळवलं. साधी हवा सेंटीमीटरला ३० हजार व्होल्टच्या आसपास फुटते आणि ठिणगी पडते. हे त्याच्या चाळीस पट, आणि तरी ठिणगी नाही, कारण हवेला फुटायला वेळ मिळण्याआधीच क्षेत्राची दिशा उलटलेली असते.

यात एक जमाखर्चही दडलेला आहे. लेसरचा प्रकाशकण ३७५ टेराहर्ट्झचा. त्यातून १ टेराहर्ट्झचा कण काढायचा म्हणजे ३७५ रुपयांची नोट देऊन एक रुपया सुटा घेणं. एकदाच मोडली तर पाव टक्क्याच्या आसपास पदरात पडतं. पण चाल जुळलेली असली की उरलेली ३७४ ची नोट पुन्हा मोडता येते, मग ३७३ ची. मूळ प्रकाश दर खेपेला किंचित लालसर बाजूला सरकतो आणि सुटे देत राहतो. म्हणूनच एक टक्क्याच्या वरचं रूपांतर शक्य झालं. सोबत टिकली की उरलेल्यातूनही पुन्हा निघतं.

एवढ्या प्रखर किरणांचं करायचं काय? त्यांचा एकेक कण दुबळा असतो. क्ष-किरणांसारखा तो रेणूंतून इलेक्ट्रॉन उडवू शकत नाही. पण सगळे एका तालात ढकलू लागले तर घन पदार्थातले अख्खे अणू हलतात. २०१९ मध्ये एमआयटीमध्ये कीथ नेल्सन यांच्या गटाने स्ट्राँशियम टायटॅनेटवर असे स्पंद सोडले. हा स्फटिक निरपेक्ष शून्याजवळ नेला तरी आपणहून एका बाजूला कलत नाही. टेराहर्ट्झच्या रेट्याखाली तो क्षणभर कलला. कललेल्या स्फटिकाने जन्माला घातलेल्या प्रकाशाने सरळ स्फटिकाला कल दिला.

या किरणांना एक वैरी आहे, पाणी. कागद, कापड, प्लॅस्टिक, सुकं लाकूड यांतून ते सहज जातात, पण पाण्याच्या ०.०५ मिलिमीटर थरातच बहुतेक विरून जातात. हवेतली वाफसुद्धा त्यांना जागोजागी अडवते, म्हणून प्रयोगाची पेटी कोरड्या नायट्रोजनने भरून घ्यावी लागते. कुलाब्याच्या टोकाला, तीन बाजूंनी समुद्र असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पावसाळ्यात हे काम करणं म्हणजे काय, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. त्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये आखूड लेसरस्पंद द्रवांमध्ये सोडून त्यांतूनच जोरकस टेराहर्ट्झ काढल्याचं प्रसिद्ध केलं. बहुतेकांना हे किरण विझवणारे म्हणून ठाऊक असलेले द्रवच त्यांचा उगम ठरले.

आता ते पुस्तक. आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. २०१६ मध्ये मूळच्या नाशिकच्या रमेश रासकर यांच्या एमआयटीतल्या गटाने, जॉर्जिया टेकच्या सहकाऱ्यांबरोबर, ती मूठ न उघडता आत डोकावून पाहिलं. कागदांची एक चळत घेतली, प्रत्येक कागद ३०० मायक्रोमीटर जाड, प्रत्येकावर एक अक्षर. दोन पानांच्या मध्ये जेमतेम २० मायक्रोमीटर हवा असते. टेराहर्ट्झचा स्पंद प्रत्येक फटीवरून थोडा थोडा परततो, आणि कुठला पडसाद किती पिकोसेकंद उशिरा आला यावरून तो कुठल्या पानाचा हे ठरतं. शाई आणि कोरा कागद हे किरण वेगवेगळे शोषतात, त्यावरून अक्षर उमटतं. बसूंनी ज्या लहरी गाळायला बंद पुस्तक वापरलं, त्यांच्याच धाकट्या भावंडांनी सव्वाशे वर्षांनी बंद पुस्तक वाचलं. हात लावला तर तुकडे पडतील अशा जुन्या पोथ्या ज्यांनी बासनातच पाहिल्या आहेत, त्यांना याचं मोल कळेल.

पण प्रत्येक पान थोडा प्रकाश खातं. खोलवर जावं तसा पडसाद क्षीण होतो आणि शेवटी गलक्यात बुडून जातो. त्या प्रयोगात पहिल्या नऊ पानांवरची अक्षरं वाचता आली. दहावं पान उघडूनच वाचावं लागलं असतं.